राग माझा की सुईचा

लग्न होऊन मी कल्याणहून डोंबिवलीला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर आणि सासर यांच्यामध्ये ठाकुर्लीचं एक स्टेशन, एवढंच अंतर. घरात माणसं तीन: हे, सासूबाई आणि मी. हे मुंबईला एका कचेरीत कारकून होते. सकाळी जात ते दिवेलागणीलाच परतत. सासरे फार आधी गेलेले. सासूबाई तेव्हा जेमतेम पंचेचाळिशीच्या, अंगानं किडकिडीत, आवाजानं खणखणीत. दिवसभर आम्ही दोघीच घरात आणि घरामागे थेट भातखाचरं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला तहान लागू लागली. तांब्याभर पाणी प्यायलं की ओठ पुसेपर्यंत घसा पुन्हा कोरडा. रात्रीतून कितीदा तरी उठावं लागे. थकवा असा, की तांदूळ निवडता निवडता भिंतीला पाठ टेकली की डोळे मिटायचे. त्यातच दोन महिने मी बाहेर बसले नव्हते. सासूबाईंनी हे सगळं पाहिलं, मनाशी हिशेब जुळवला आणि एके सकाळी माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "आता विहिरीवर तू जायचं नाहीस. पाणी मी आणीन."

घरात आनंद झाला. सासूबाई गुळपापडी करायच्या, नारळाच्या वड्या करायच्या, शिऱ्यात तूप सोडताना हात आखडायच्या नाहीत. मला भूकही राक्षसासारखी लागायची. जे पुढ्यात येईल ते मी खाई आणि तरी वाळत जाई. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सासूबाई म्हणायच्या, "पोर आतल्या आत सगळं फस्त करतंय. खा तू." एका दुपारी त्यांच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला मी बसले, तर सुईत दोरा जाईना. सुईचं नेढं दिसतच नव्हतं. मला वाटलं, उजेड कमी आहे. दारात जाऊन बसले, तरी तेच.

त्यानंतर आठवडाभरात उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले ती ठाण्याच्या एका इस्पितळात. लोखंडी खाट, हाताला बांधलेली नळी, उशाशी सासूबाई. त्यांचे डोळे सुजलेले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, बोलताना खाटेच्या कडेवर बसणाऱ्या. मला जरा बरं वाटल्यावर त्या आल्या, सासूबाईंनाही जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही कठीण आहेत, म्हणून दोघींना एकत्रच सांगते. एक, ही गरोदर नाही. दुसरी, हिला मधुमेह झालाय."

मधुमेह मला ऐकून ठाऊक होता. तो म्हाताऱ्या, सुखवस्तू माणसांना होतो अशी माझी समजूत. माझा हात पोटावर गेला. तिथे कुणी नव्हतंच, कधीच नव्हतं. त्या क्षणी मला आजारापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

सासूबाई मात्र एकदम खाली वाकल्या आणि डॉक्टरीणबाईंचे पाय धरू लागल्या. "मी केलं हो हे. मी हिला गूळ भरवला. रोज भरवला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "आई, बसा इथे. नीट ऐका. गुळानं हा आजार झालेला नाही. अन्नातली साखर अंगी लागण्यासाठी शरीरात एक रस तयार व्हावा लागतो, तो हिच्या शरीरात तयार होईनासा झाला. का झाला, ते आम्हांलाही ठाऊक नाही. तुम्ही शिरा दिला नसता तरी हेच होणार होतं. समजलं? म्हणून दाखवा बघू मला."

सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "गुळानं झालेलं नाही." पुन्हा एकदा म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या.

"हे औषध किती दिवस घ्यायचं?" मी विचारलं.

"कायमचं," बाई म्हणाल्या. "टोचूनच घ्यावं लागतं. हे मी तुला आजच सांगते आहे. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर माझ्यावर तुझा विश्वास राहणार नाही."

इस्पितळात होते तोवर आमची शाळा भरे. लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर कशी तापवायची. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर जरा जास्त, पिवळं झालं तर अजून जास्त, विटेसारखं लाल झालं तर धावत यायचं. काचेची पिचकारी आणि सुई कशी उकळायची. औषधाची बाटली उन्हाळ्यात ओल्या वाळूच्या गाडग्यात कशी जपायची. भात किती, भाकरी किती, टोचल्यानंतर जेवायला उशीर का करायचा नाही. हे एका रविवारी शिकायला आले. सुई बाहेर काढताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते भिंतीला धरून खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, "तू बस तिकडेच. मी शिकते."

बाईंनी सांगितलं होतं की आधी मोसंब्यावर हात बसवा. मोसंबं काही हाताशी नव्हतं. सासूबाईंनी घरून वांगी आणली. त्या खाटेशेजारी खाली बसून ओठ घट्ट मिटून वांग्याला टोचत आणि दर वेळी त्याला विचारत, "दुखलं का रे?" शेजारच्या खाटेवरच्या बाया हसायच्या. आजारपणात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हाच.

घरी आलो. सासूबाई रोज सकाळी टोचायच्या. हात अगदी हलका. माझी तब्येत सुधारली, बांगड्या मनगटावर परत आल्या, सुईत दोरा जाऊ लागला. सगळं औषधानं व्हायला हवं होतं तसं झालं. पण मी मात्र आतून विझत चालले होते आणि ते नळीतल्या कुठल्याच रंगात दिसत नव्हतं.

बघायला माणसं येत. ओटीवर बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं हळू आवाजात बोलत. "इतक्या लहान वयात?" "मूलबाळ होईल का आता?" "माहेरच्यांना आधी माहीत असेल का हो?" या शेवटच्या प्रश्नानं मला फार लागलं. माझे वडील कल्याणला शाळामास्तर, खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी ओटीवर जायचं सोडलं. मग अंगणात जायचं सोडलं. संक्रांतीला आळीतल्या मुली तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा मी डोकं दुखतंय सांगून आत पडून राहिले.

एका संध्याकाळी हे कचेरीतून आल्यावर मी म्हटलं, "मला कल्याणला पोचवा. कायमची. तुमचं आयुष्य कशाला वाया घालवता?"

हे फारच कमी बोलणारे गृहस्थ. कोट खुंटीला लावला, पाय धुतले, पाटावर बसले. मग म्हणाले, "तिथे कोण टोचेल? तुझ्या आईला जमेल?"

"शिकेल ती."

"बरं. मग मीही येतो. तुझ्या वडिलांना विचार, जावई कायमचा ठेवून घेतील का?"

मला हसावं की रडावं कळेना. ते थट्टा करत आहेत असं तोंडावर दिसत नव्हतं. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही काढला नाही. पण तेवढ्यानं मनातला अंधार गेला असं नाही झालं.

पुढे एके दिवशी दुपारी ते घडलं. सासूबाई पोळ्या करत होत्या, मी पानं घेत होते. नेहमीपेक्षा जेवायला जरा उशीर झालेला. सासूबाई म्हणाल्या, "भात एवढा नको घेऊस गं." रोजच म्हणत. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी वाटी भिंतीवर फेकली. "मोजा! माझे घास मोजा! मी मेले की भाताचं पातेलं एकटीनं संपवा!" असं आणि याहून वाईट काहीबाही मी ओरडत राहिले. सासूबाईंचा चेहरा पार उतरला. आजवर त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी तवा खाली उतरवला आणि पाठ फिरवली.

मग, त्यांनीच नंतर सांगितलं, त्यांनी मागे वळून पाहिलं तर माझं पोलकं घामानं भिजलं होतं आणि हात थरथरत होते. त्यांना बाईंचे शब्द आठवले: घाम, कापरं, अकारण संताप, म्हणजे साखर उतरली, वाट पाहायची नाही. त्यांनी साखरेचं पाणी केलं. मी तोंड फिरवत होते, हात झटकत होते. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजलं. थोड्या वेळानं मला खोली नीट दिसू लागली. भिंतीवर आमटीचा ओघळ होता.

"आई, मी काय बोलले?"

"काही नाही. साखर उतरली होती तुझी."

"मी काहीतरी फार वाईट बोलले."

"जेव आधी," त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, त्यामुळे ते माझ्या कपाळावर पडलं.

पुढच्या फेरीला ठाण्याला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे रंग विचारले, वजन केलं, आणि शेवटी सासूबाईंना म्हणाल्या, "अजून काही विचारायचंय?"

सासूबाई म्हणाल्या, "एक विचारू? ही रागावली, तर तो राग हिचा की सुईचा, हे मी कसं ओळखायचं?"

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या. "घाम, कापरं असेल तर आधी साखर द्या. मग राग उरला, तर तो हिचा. आणि तो हिचा असला, तरी ऐकून घ्यायचा." मग माझ्याकडे वळल्या. "काय गं, आजार झाल्यापासून तुला काय वाटतं, हे कुणी विचारलं का तुला? मीसुद्धा नाही विचारलं. रंग विचारत राहिले."

मी मान खाली घातली.

"मला सांगायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. "पण घरात एका माणसाला तरी सांग. आणि आई, तुम्ही उत्तर द्यायचं नाही. नुसतं ऐकायचं. जमेल?"

"प्रयत्न करते," सासूबाई म्हणाल्या. गप्प राहणं हे त्यांना टोचण्याहून अवघड होतं, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्या माझ्याजवळ चटईवर येऊन बसल्या. हातात निवडायला मेथीची जुडी. "हं, बोल," म्हणाल्या.

"काय बोलू?"

"जे असेल ते. मी काही म्हणणार नाही."

मी जुडीतल्या चार काड्या ओढून पानं खुडू लागले. मग मी म्हटलं, "मला राग येतो." त्या मान हलवत राहिल्या. "तुमचा येतो. तुम्ही माझ्या ताटाकडे बघता, माझ्याकडे बघतच नाही." त्यांचा हात थांबला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "आणि मला त्या मुलाचं वाईट वाटतं. जे नव्हतं त्याचं. मी त्याला दुपटं शिवत होते, आई. नसलेल्या मुलाचं दुःख करणारी बाई वेडी असते का?"

सासूबाईंना कबूल केल्याप्रमाणे उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांनी मेथी बाजूला केली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, "मीही त्याचं नाव ठरवलं होतं."

त्या दुपारी आम्ही दोघी पोटभर रडलो. नंतर त्यांनी चहा केला, माझा बिनसाखरेचा. स्वतःचाही बिनसाखरेचाच केला, आणि पहिल्या घोटाला त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मी म्हटलं, "तुम्ही घ्या हो साखर. त्यानं मला काही बरं वाटत नाही." त्यांनी दोन चमचे घातले. तेव्हापासून दुपारची ती चटई आमच्या घरात कायमची झाली. कधी मी बोलत असे, कधी त्या. सासरे गेले तेव्हाचं त्यांचं सगळं मला त्या चटईवरच कळलं. मी पुन्हा अंगणात गेले, मग ओटीवर. कुणी काही विचारलं तर जमेल तेवढं सांगे. सांगितलं की माणसं कुजबुजत नाहीत, हे मला हळूहळू समजलं.

वर्षभरानं डॉक्टरीणबाईंनी एक काम सांगितलं. विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांची छावणी होती. सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींतून राहत. तिथली एक बारा वर्षांची मुलगी ठाण्याला येऊन गेली होती, तिलाही हाच आजार. आई घाबरलेली, मुलगी टोचू देत नाही, एका दिवशी टोचतात, दुसऱ्या दिवशी राहतं. "मी सांगून पाहिलं," बाई म्हणाल्या. "पण मी डॉक्टर. तिला वाटतं, हिला काय जातंय सांगायला. तू जाशील का? आई, तुम्हीही."

आम्ही गेलो. लांबलचक बराक, मध्ये पोत्याचे पडदे बांधून एकेका कुटुंबाची खोली केलेली. मुलीची आई गोरी, थकलेली, मोडकं हिंदी बोलणारी. सासूबाईंचं हिंदी त्याहून मोडकं. पण दोघींना एकमेकींचं कळत होतं. मुलगी खाटेच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातापायांच्या काड्या झालेल्या. तिला बघून माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या ते दिवस आठवले.

"डरना नको," सासूबाई तिला म्हणाल्या. "हमारी बहू को भी है. रोज टोचते है."

मुलीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिरवी साडी, हातभर बांगड्या, केसांत अबोली. तिचा विश्वास बसेना. "झूठ," ती म्हणाली.

आम्ही मुद्दामच सकाळी लवकर, माझं टोचायचं ठेवून निघालो होतो. त्यांच्याच शेगडीवर पिचकारी उकळली, सासूबाईंनी औषध भरलं आणि सवयीनं माझ्याकडे वळल्या. मुलगी ओरडली, "नहीं! वो खुद करे. खुद!"

आजवर मी स्वतःला कधीच टोचून घेतलं नव्हतं. सासूबाई होत्याच, मग शिकायची वेळच आली नव्हती. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. सासूबाईंनी पिचकारी माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही. त्यांच्या डोळ्यांत प्रश्न होता. मी ती घेतली. साडी जरा वर सरकवून मांडीची चिमटी धरली. मुलगी सुईकडे टक लावून बघत होती. मी तिला म्हटलं, "मुझे भी डर लगता है." आणि टोचलं. दुखलं थोडं. सुई बाहेर काढली, बोट दाबून धरलं.

ती खाटेवरून उतरून जवळ आली, माझं बोट बाजूला करून जागा पाहिली. तिथे रक्ताचा बारीक ठिपका होता. तिनं आईला सिंधीत काहीतरी विचारलं. आई रडत रडत हसली. मग मुलीनं आपला फ्रॉक सावरला आणि पाय माझ्यापुढे केला. माझ्याकडूनच टोचून घेईन म्हणाली. पण त्या दिवशी तिच्या आईनं टोचलं, आणि सासूबाईंनी त्या आईचं मनगट खालून धरलं होतं.

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा गेलो. मुलगी स्वतः टोचायला शिकली, नळी तापवायला शिकली. एकदा रागावून तिनं शाळेची पाटी फोडली, तेव्हा तिच्या आईनं आधी साखर दिली आणि नंतर, साखरेनंही राग उतरला नाही म्हणून, शेजारी बसून ऐकून घेतलं. तो शाळेत कुणी काय बोललं त्याचा राग होता. हे सांगताना त्या बाई सासूबाईंना म्हणाल्या, "उसका ही था. सच्चा वाला." काही वर्षांनी ते कुटुंब इंदूरकडे नातेवाइकांजवळ गेलं. मुलगी तेव्हा माझ्याएवढी उंच झाली होती.

मला पुढे एक मुलगी झाली. फार जपावं लागलं. शेवटचे महिने ठाण्याला इस्पितळातच काढले. डॉक्टरीणबाई रोज येत आणि रंग विचारायच्या आधी खाटेच्या कडेवर बसून म्हणत, "आज कसं वाटतंय, ते सांग." भीती वाटत असे तेव्हा मी भीती वाटते म्हणून सांगे. त्या ती कमी करायला काही बोलत नसत, फक्त थोडा जास्त वेळ बसत.

त्या इस्पितळातच एक दुपार अशी आली, की ती छावणीतली आई मला बघायला आली. तेव्हा ती मंडळी अजून इथेच होती. सासूबाई होत्याच. दोघी खिडकीशी बसल्या आणि आपापल्या हिंदीत बोलू लागल्या. मी डोळे मिटून पडले होते. त्यांना वाटलं, मी झोपले. त्या सिंधकडच्या विहिरींबद्दल बोलत होत्या, आमच्याकडच्या आंब्याच्या लोणच्याबद्दल, गेलेल्या नवऱ्यांबद्दल. मध्येच दोघी कशाला तरी खूप हसल्या आणि मला उठवू नये म्हणून तोंडावर पदर धरला. आजाराचं एक अक्षरही त्यांच्या बोलण्यात नव्हतं. ऐकता ऐकता मला खरोखरच झोप लागली.